पितरांच्या नावावर खपवलेले वीस दिवस

कामरगावातून निघालो त्या दिवशी एसटीच्या पायरीवर उभं राहून मी भाषण ठोकलं होतं. पंचवीस वर्षं होत आली, पण गावात गेलं की अजून कुणीतरी त्याची आठवण काढतंच. डिप्लोमा झालेला, पुण्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी लागलेली, अंगात शेजारच्या शकीलभाई टेलरनं शिवलेला नवा शर्ट. निरोप द्यायला अर्धी गल्ली आली होती, आणि अर्धी गल्ली समोर दिसली की माझी जीभ आपोआप सुटते. "बंधू-भगिनींनो, आज मी तुमच्यातून जात असलो तरी..." एवढं म्हणेपर्यंत मागून कंडक्टर ओरडला, "भाऊ, जाचं असन त आत व्हा, नसन जाचं त खाली उतरा. भाषनाले तिकिट नाही." सगळा स्टँड हसला. मीही हसलो, खाली उडी मारली, मायच्या पाया पडलो आणि परत चढलो. ती रडली नाही. बाबा जाऊन दोनच वर्षं झाली होती, तिचं रडून झालं होतं. एवढंच म्हणाली, "तिकडं गेल्यावर बोलजो कमी, जेवजो जास्त."

जेवलो जास्त, हे माझ्या पोटाकडे पाहून कुणीही सांगेल. बोलणं मात्र कमी झालं नाही. पुण्यातल्या आपल्या वऱ्हाडी मंडळाच्या मेळाव्यात दरवर्षी रोडग्यांची पंगत उठली की लोक मला माईक देतात, आणि दरवर्षी मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून विनोदी लेख मागतात. यंदाही मागितला. संपादकांनो, माफ करा, यंदाचा माल थोडा वेगळा आहे. पुण्यात आलेल्यांनी वाचावा, आणि ज्यांच्या घरी स्मरणिका जाईल त्या कामरगावच्यांनीही वाचावा. पितरपाटाची, म्हणजे पितृपक्षाची, गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली आहे. ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आहात. ती गोष्ट खोटी होती.

आता सुरुवातीपासून सांगतो.

गावात होतो तेव्हा आजारपण म्हणजे माणसं. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की जीप थांबवायला एक, पोरं सांभाळायला एक, डबा द्यायला एक, आणि नुसतंच उंबऱ्यात बसून "होईन बरं" म्हणायला तिघं. पुण्यात आल्यावर मी नवे शब्द शिकलो. सीटीसी, अप्रेजल, नोटीस पिरियड, मेडिक्लेम, कॅशलेस. इथं दवाखान्याच्या खिडकीत पहिला प्रश्न असतो, "कार्ड आहे?" आणि खोटं कशाला बोलू, खिशातून कार्ड काढून त्या खिडकीत सरकवताना मला मोठा रुबाब वाटायचा. जणू ते कार्ड मीच छापलं होतं.

मायच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी तिला पुण्यात आणलं. ऑपरेशन झालं. मग किमो सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एक सलाईन. माय त्याला 'सुई' म्हणायची. खर्च सगळा कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून. आई-वडिलांची नावं त्यात घालता येत होती, आणि जुना आजार, नवा आजार असा भेद नव्हता. मायनं ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या मालकाले माहा नमस्कार सांगजो." मालक वेगळा, विमा वेगळा, हे मी तिला दोनदा समजावलं. तिनं दोन्ही वेळा मान हलवली आणि नमस्कार कायम ठेवला.

चार सुया झाल्या. केस गेले. डोक्याला रुमाल बांधून ती बाल्कनीत बसायची आणि माझी बायको सुनीता तिच्यासमोर भाजी निवडायची. मायचे हात रिकामे राहत नसत. त्या दिवसांतसुद्धा जुन्या साड्यांची वाकळ शिवायला घेतली होती. टाके इतके बारीक की सोसायटीतल्या बाया पाहायला यायच्या.

आणि याच वेळी मला नवी नोकरी मिळाली. मॅनेजर! पगार चांगलाच वाढणार होता. मी लगोलग नव्या गाडीला पैसे भरले. लाल रंगाची.

आता इथं सोनल येते. सोनल म्हणजे जुन्या कंपनीतली एचआरची पोरगी. कारंज्याच्या जैन घरातली, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. चारचौघांत मला 'सर' म्हणायची आणि एकटी असली की 'काका'. राजीनामा दिल्यावर तिनं मला तिच्या टेबलाशी बसवलं.

"काका, आजींची ट्रीटमेंट चालू आहे ना? इथला शेवटचा दिवस संपला की त्याच दिवशी तुमचं कव्हर संपतं. नव्या कंपनीचं सुरू होतं ते तिथं रुजू झाल्यावर. मधे गॅप ठेवू नका. शुक्रवारी इथून सुटा, सोमवारी तिकडं जॉइन व्हा. जमलं तर शनिवार-रविवारही धरून मी तुमची रिलीव्हिंग डेट टाकते."

"आणि गॅप पडलाच तर?"

"तर जायच्या आधी फॉर्म भरून ही पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. अर्ज आधीच द्यावा लागतो, सुटल्यावर नाही. बाहेर नवीन घ्यायला गेलात तर आजींचा आजार पाहून कुणी लगेच कव्हर देणार नाही."

इतकं स्वच्छ मला आयुष्यात कुणी काही समजावलं नसेल. नव्या कंपनीनंही दोन तारखा दिल्या होत्या. एक त्याच सोमवारची, दुसरी दोन आठवड्यांनंतरची. मला दुसरी हवी होती. का? कारण गाडी. गणपती उठायच्या आदल्या दिवशी गाडी घरी येणार होती, आणि मला ती घेऊन गावी जायचं होतं. स्टँडवरून हळूहळू न्यायची होती, काच खाली करून. मॅनेजर झाल्याचं आधी दहा ठिकाणी सांगायचं होतं. ज्या माणसानं एसटीच्या पायरीवर भाषण केलं त्याला स्वतःच्या गाडीच्या दारात काय सुचलं असतं, विचार करा.

हे सोनलला कसं सांगणार? मी चेहरा पाडला. खोल श्वास घेतला. (या कलेत मी तरबेज आहे.) आणि म्हणालो, "सोनल, तू आपल्याकडची आहेस, तुला माहीत आहे. आमच्याकडे पितरपाटात नवं काम धरत नाहीत. माय ऐकतच नाही. दुखण्यातलं माणूस, तिचं मन कसं मोडू?"

सोनल चिडली. चिडली की तिची पुण्याची भाषा गळून पडते. "काका, कायले असं करता तुमी! आजीले समजावून सांगा ना!"

"बघतो," मी म्हणालो. फॉर्म मात्र नेला नाही. गॅप दोन आठवड्यांचा, तेवढ्यात काय होतंय, असं मनाशी म्हटलं. पाचवी सुई त्या दोन आठवड्यांतच होती, हे मला ठाऊक होतं. फ्रिजवर चिकटवलेल्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती मायनंच सुनीताकडून गोल करून घेतला होता.

आता माय खरं काय म्हणाली होती ते ऐका. नवी नोकरी लागल्याचं सांगितलं त्याच दिवशी मी सहज म्हणालो होतो, "माय, मधे पितरपाट येते, थांबू का थोडा?" ती वाकळीला टाका घालत होती. मान वर न करता म्हणाली, "नोकरी काय लगन हाय का? पितरं काय तुह्या कंपनीत हाजरी घ्यायले येतात? धर सोमवारी. अन् दवाखान्याच्या कार्डाचं काय होईन ते इचारून ठेव."

कार्डाचं तिनं विचारलं होतं. सहावीपर्यंत शिकलेली बाई, मालकाला नमस्कार पाठवणारी. जे विचारायचं ते नेमकं तिनंच विचारलं होतं.

पाचव्या सुईचं काय करायचं? रोख भरून घेता आली असती. पैसे होते, पण ते लाल रंगाचे होऊन पार्किंगमध्ये उभे होते, आणि पुढचे हप्ते डोक्यावर. मग मी एक प्रयोग सादर केला. प्रेक्षक दोन, माय आणि सुनीता. स्थळ, आमचा हॉल. मी फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं.

"हो सर. नमस्कार सर. अच्छा, परदेशात? परिषद आहे? नाही नाही सर, आम्ही थांबू. पंधरा-वीस दिवसांनी चालतं ना? चालतं. फार आभारी आहे सर."

'सर' म्हणताना मी सोफ्यावरून उठून उभाही राहिलो होतो. अभिनयात बारकावे महत्त्वाचे. फोन खिशात टाकून म्हणालो, "डॉक्टरच नाहीत. चला, तोवर गावाकडे जाऊन येऊ. बाबांची पितरंही होतील."

सुनीतानं विश्वास ठेवला. माय म्हणाली, "तुले चालते म्हनले डॉक्टर?"

"चालते म्हणाले."

"मंग चाल."

गावात तीन दिवस मी नुसता तरंगत होतो. गाडी शकीलभाईच्या दुकानासमोर लावली, कारण तिथून ती स्टँडवरून येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. शकीलभाई मशीनवरून उठून आला. बाबांच्या बरोबरीचा माणूस, आता साठी ओलांडलेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "मनोहर, माय की सुई का दिन परसों था ना रे?"

मायची तारीख त्याला पाठ होती. दर सुईनंतर तो फोन करून तिची चौकशी करायचा.

"डॉक्टर परदेशात गेले आहेत," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग गाडीकडं पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला. "कलर अच्छा हय." आणि आत जाऊन मशीन चालू केली.

बाबांच्या तिथीला कढी-वडे झाले. माय चुलीपाशी पाटावर बसून सांगत होती आणि सुनीता तळत होती. माझ्या ताटात माय पुन्हा पुन्हा वडे टाकायला सांगायची. मी खात होतो. पाचवी सुई पुण्यात राहिली होती.

ठरल्या दिवशी नव्या कंपनीत रुजू झालो. वाटलं, आता सुटलो. पण मायचं नाव घालायला तिच्या आधारची प्रत लागते, ती मी गावच्या घरी विसरून आलेलो. ती यायला दोन दिवस, नाव चढायला तीन, मंजुरीला आणखी. पाचव्या सुईची तारीख उलटून वीस दिवसांनी आम्ही डॉक्टरांच्या खोलीत बसलो. मी फाइल घेऊन, माय रुमाल बांधून.

डॉक्टरांनी तारीख पाहिली आणि चष्मा काढला.

"तुम्ही पाचव्या सायकलला का आला नाहीत? मी इथंच होतो. सिस्टरनं दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. हे अंतर ठरवून दिलेलं असतं, बाजाराचा दिवस नाही की आज नाही तर पुढच्या आठवड्यात. कुणी सांगितलं थांबायला?"

'मी इथंच होतो.' हे शब्द मायनं ऐकले. माझ्या शेजारीच बसली होती. परदेश, परिषद, सोफ्यावरून उठून म्हटलेलं 'सर', सगळं त्या तीन शब्दांत तिच्यासमोर उघडं पडलं. मी फाइलच्या दोरीशी चाळा करत होतो. 

उत्तर द्यायला मायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

"साहेब, पितरपाट होता," ती म्हणाली. "मीच नाही म्हनलं. हा लय म्हनत होता, चाल चाल. मीच अडून बसली. आमी अडानी लोक."

डॉक्टर तिला बोलले. चांगलं पाच मिनिटं बोलले. श्रद्धा एका जागी, औषध एका जागी, जिवाशी खेळ करू नये, मुलाचं ऐकावं. मुलाचं ऐकावं, असं म्हणाले ते. माय खाली मान घालून "हो साहेब, चुकलंच" म्हणत होती. मी सोनलशी फोनवर बोलत असताना माझं ते पितरपाटाचं कधीतरी तिच्या कानावर पडलं असणार. माझंच खोटं तिनं जसंच्या तसं उचललं आणि स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि मी? मी मान हलवली, मित्रहो. डॉक्टरांच्या बोलण्याला. समंजस मुलगा हलवतो तशी.

पुढच्या तपासणीत काखेत परत एक छोटी गाठ दिसली. औषध बदललं, सुया वाढल्या, रेडिएशनचा शेकही घ्यावा लागला. उशिरामुळे झालं असं कुणी म्हटलं नाही. उशिरामुळे झालं नाही असंही कुणी म्हटलं नाही. मी दोनदा विचारायला गेलो आणि दोनदा दारातून परत आलो. नव्या औषधानं मायच्या बोटांची जाणीव गेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं. सुई हातात आहे की नाही ते तिला कळेना. वाकळ अर्धी राहिली. ती घडी करून तिनं कपाटात ठेवली. 

माय वाचली. कॅन्सर सध्या शांत आहे, दर काही महिन्यांनी तपासणी असते. हे आधी सांगायला हवं होतं, पण गोष्ट लांबवायची खोड जात नाही.

आता माझी खरी करामत. त्याच वर्षीच्या मेळाव्यात मला कुणीतरी विचारलं, "मनोहरभाऊ, माय कशा आहेत?" आणि मी काय केलं? पितरपाटाची गोष्ट रचली. टॉवेलाचा पदर डोक्यावर घेतला, झारा हातात धरला, मायचा आवाज काढला. "पितरं घरात अन् तू हापिसात? मी मरीन पन अमावस्येपयले सुई टोचून घेनार नाही!" दारात आडवी पडलेली माय, तिच्यावरून उडी मारून ऑफिसला निघालेला मी, आणि मागून धावत येणारे कढी-वडे. लोक खुर्च्यांवरून घसरले. पुढच्या वर्षी फर्माईश आली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दर वेळी नवी भर घालत गेलो. पितरांना कंपनीचं ओळखपत्र दिलं, ही भर दुसऱ्या वर्षीची. गंमत अशी, की ओळखपत्राचा विनोद खुद्द मायच्याच वाक्यावरून सुचला होता. हाजरी घेणारी पितरं तिची होती. मी ती चोरली आणि उलटी तिच्याच अंगावर सोडली.

गेल्या मेळाव्याला माय पुण्यात होती. सुनीता तिला घेऊन आली आणि पुढच्या रांगेत बसवलं. पंगत उठली, माईक आला, आणि मागून ओरडा सुरू झाला, "पितरपाट! पितरपाट!" मी मायकडं पाहिलं. तिनं हात हलवला, सांग म्हणून. मी सांगितली. हो, सांगितली. तिच्या तोंडावर, तिचा आवाज काढून, झारा घेऊन. ती हसली. तोंडाला पदर लावून, अंग हलेपर्यंत हसली. लोक वळून वळून तिला नमस्कार करत होते, "काय माय तुमी!"

गोष्ट संपल्यावर सोनल पुढं आली. आता ती दुसऱ्या कंपनीत आहे, मंडळात मात्र नेमानं येते. ती मायच्या खुर्चीपाशी खाली बसली, तिचे हात हातात घेतले आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, राग नका मानू. मी तेव्हा काकांना किती सांगितलं होतं. तुम्ही ऐकायला हवं होतं हो. उपचारात असं नाही करायचं."

मी दोन हात अंतरावर उभा होतो. झारा अजून हातात होता.

"चुकलंच व माय माह्यं," माय म्हणाली. "तू पोरगी शिकेल हायेस. आमाले तेवढी अक्कल कुठची?" आणि ज्या बोटांना काही कळत नाही त्या बोटांनी तिनं सोनलच्या गालावरून हात फिरवला.

परत जाताना गाडीत सुनीता मागं झोपली होती. मी म्हणालो, "माय, तू काहून असं म्हणते? त्या दिवशी डॉक्टरसमोर पण काहून म्हणाली?"

ती बाहेर पाहत होती. उड्डाणपुलाखालून आम्ही चाललो होतो.

"तुले यायच्यात राहाचं हाय," ती म्हणाली. "ते डॉक्टर, ते पोरगी, हे सारे लोक. तुह्यं तोंड पडलं असतं त उद्या कुठं दाखवलं असतं? माहं काय? मी त गावाले चालली. तिथं मले सारे वयखतात."

थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "गोष्ट चांगली सांगतं तू. पन ते कार्डाचं मी इचारलं होतं, ते राह्यलं."

मग अगदी सहज आवाजात, "सुनीता म्हने, तुले पुन्हा नवी नोकरी भेटून राह्यली. मंग माही फाइल आता गावीच राहू दे. शकीलची सून अकोल्याच्या दवाखान्यात नर्स हाय. तपासनी तिकडंच करीन म्हनते."

रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी विनोद केला असता.

नवी नोकरी मी घेतली. या वेळी रविवारपर्यंत इथं, सोमवारी तिथं, मधे एक दिवसही नाही, मायचं नाव पहिल्याच दिवशी चढवलेलं, कागद सगळे तयार. सोनललाच विचारून केलं. तिला फोनवर खरं काय ते सांगायला सुरुवात केली, पण हवापाण्यावर बोलून फोन ठेवून दिला. म्हणून हा लेख. सोनल, वाचतेस ना? आजी तुझ्या आधीच बरोबर बोलली होती. मीच नाही ऐकलं, तुझंही आणि तिचंही.

फाइल द्यायला मी गावी गेलो. शकीलभाईच्या दुकानात, त्याच्या मशीनपाशी, मायसाठी खुर्ची ठेवली होती. त्याची सून रुबीना सुट्टीवर आली होती. तिनं फाइल मांडीवर घेतली आणि एकेक कागद काळजीपूर्वक पाहायला लागली. ऑपरेशन, पहिली सुई, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीवर थांबली. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"यहाँ बीस दिन ज़्यादा हुए," ती म्हणाली. "क्यूँ रुके थे? लिखना पडता."

माय खुर्चीत सावरून बसली. "ते असं झालं व बाई, पितर..."

"मी थांबवलं," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "माय म्हणत होती, कार्डाचं विचारून ठेव. कार्ड संपलं होतं, पैसे गाडीत घातले होते, आणि गाडी इथं आणून दाखवायची होती. डॉक्टर कुठंही गेले नव्हते."

रुबीनानं पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. माय माझ्याकडं पाहत नव्हती, रस्त्याकडं पाहत होती. मी वाट पाहत होतो, कशाची ते मलाही माहीत नाही.

शकीलभाईनं मशीन थांबवली, दातांनी दोरा तोडला.

"मालूम हय," तो म्हणाला. "सब को मालूम हय, तब से. बैठ ना खाली, खडा कायकू हय? चाय आ रही."